'लेडीज' म्हणजे किती ग्रॅम?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या मुलींच्या केंद्रावर एक लांबलचक बॅग येऊन पडली. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून मुलींना 'क्रीडा साहित्य' दिलं होतं. बॅनर लागला, भाषण झालं, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. बॅगेत क्रिकेटच्या दोन बॅटी, चार चेंडू, एक बास्केटबॉल आणि तळाशी चक्क गोल्फच्या नऊ जुन्या स्टिक! कोणा बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या असाव्यात. सोबत एक कोरा भालाही होता.

फोटोसाठी नववीतल्या एका मुलीने सगळ्यात लांब स्टिक उचलली. स्टिकचं वरचं टोक तिच्या पोटात रुतायला लागलं, म्हणून तिने ती अर्ध्यात धरली आणि चेंडूऐवजी जमिनीवरच हाणली. साहेब हसून म्हणाले, "ताकद कमी पडते हो, मॅडम. पुढच्या वेळी लेडीज सेट बघू." मीही हसले आणि आभार मानले. ते हसणं मला अजून टोचतं.

संध्याकाळी शिवणक्लासचा टेप घेऊन मी ती स्टिक मोजली. पंचेचाळीस इंच. मुलगी चार फूट नऊ इंच, म्हणजे सत्तावन्न इंच. टँकरवरून दोन-दोन हंडे जिन्याने वर नेणाऱ्या मुलीच्या ताकदीविषयी त्या स्टिकला काय कळणार? ती ज्याच्या मापाने बनली होती तो साडेपाच-सहा फुटांचा पुरुष होता, एवढंच ती सांगत होती.

आता काही मैत्रिणी म्हणतील, गोल्फ? आपल्या मासिकात? मान्य. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येताना आपण वर्षानुवर्षं पाहिलं आहे, तेव्हा हिरवळ पोसणाऱ्या या खेळाचं मैदान इथे व्हावं असं मी म्हणणार नाही. शिवाय खेळाचं घराणं तरी कसलं! सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट क्लब 1754 सालचा, त्याने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव केला 2014 साली. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिल्या दोन बायकांना आत घेतलं ते 2012 साली. पण साहेबांच्या तोंडून सहज निघालेला 'लेडीज सेट' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. लेडीज सेट म्हणजे नेमकं काय, ते मी शोधलं. जे सापडलं ते गोल्फपुरतं नाही, म्हणून लिहिते आहे.

गोल्फच्या स्टिकची दांडी, म्हणजे शाफ्ट, फटका मारताना धनुष्यासारखी वाकते आणि चेंडूपाशी येताना सरळ होते. ती किती वाकावी हे मारणाऱ्याच्या हाताच्या वेगावर ठरतं. वेग कमी आणि दांडी फार ताठ, तर चेंडू उचलला जात नाही, जवळच पडतो. वेग जास्त आणि दांडी फार लवचीक, तर चेंडू भरकटतो. लांबी ठरवायची ती उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर बघून. मुठीची जाडी ठरवायची ती पंजा बघून. सगळं मोजण्याचं काम आहे.

पण दांडीवर छापलेलं असतं एक अक्षर. एक्स म्हणजे फारच ताठ, एस म्हणजे ताठ, आर म्हणजे रेग्युलर, साधारण. मग ए, ती वयस्कांची. शेवटी एल, ती लेडीजची. तीन अक्षरं दांडीचा गुण सांगतात आणि उरलेली दोन माणसांची जात सांगतात: म्हातारे आणि बायका. 'साधारण' कोण, ते वेगळं लिहायची गरजच नाही. आणखी गंमत अशी, की ताठपणा कसा मोजायचा याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही. एकीची आर दुसरीच्या एसइतकी ताठ असू शकते. म्हणजे त्या एलमध्ये शास्त्र थोडं आणि समज जास्त. जिच्या हाताला वेग आहे त्या बाईला एल दांडी चुकीची, आणि ज्याच्या हाताला नाही अशा कित्येक पुरुषांना हीच बरोबर. पण दुकानात जाऊन 'लेडीज' मागेल असा पुरुष कुठे आहे? बिचारा ताठ दांडी घेऊन आयुष्यभर चेंडू झुडपात घालील!

चेंडूचं तर त्याहून मजेदार. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू सगळ्यांना एकच: वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको. नियमात बाई नाही, पुरुष नाही. तरी बाजारात बायकांचे म्हणून वेगळे चेंडू मिळतात, बहुधा थोडे मऊ, गुलाबी खोक्यातले. मऊ चेंडू कोणाला बरा पडतो, कोणाला नाही. खोक्याच्या रंगाचा त्याच्याशी काय संबंध?

2021 साली टोकिओ ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. तिचं बळ छिद्राजवळच्या बारीक फटक्यात होतं. तिची स्टिकची बॅग वाहायला होती तिची आई. 'ताकद कमी पडते' म्हणणाऱ्या साहेबांना ही गोष्ट सांगायला हवी होती, पण मला त्या वेळी माहीतच नव्हती.

तर गोल्फ सोडा. दुसऱ्या दिवशी बाकीचं साहित्य घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार काकांनी चेंडू काट्यावर ठेवले. चारही एकशे साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पुरुषांचे. क्रिकेटच्या 2017 च्या नियमसंहितेत पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा आणि बायकांचा 140 ते 151 ग्रॅमचा आहे. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींचा 133 ते 144 ग्रॅमचा. घेरही कमी. पंधरा-वीस ग्रॅमने काय होतं, असं विचारणाऱ्याने लहान पंजात मोठा चेंडू धरून शिवणीवर दोन बोटं ठेवून दाखवावीत. भाल्यावर 800 असं स्पष्ट छापलेलं होतं. तो पुरुषांचा. बायकांचा भाला 600 ग्रॅमचा, अठरा वर्षांखालच्या मुलींचा 500 ग्रॅमचा आणि लांबीनेही आखूड. बास्केटबॉलवर 7 हा आकडा होता. बायकांचा चेंडू 6 नंबरचा, घेराला साधारण अडीच सेंटिमीटरने कमी. सगळं त्या त्या वस्तूवर लिहिलेलं होतं. घेणाऱ्याने वाचलं नाही, देणाऱ्याने वाचलं नाही, आणि हारतुरे स्वीकारणाऱ्या मीही वाचलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना 'गरजांची पाहणी' हा शब्द मी उत्तरपत्रिकेत किती वेळा लिहिला असेल! पण एकाही मुलीची वीत मोजली नव्हती.

यानंतर मी जिथे जाते तिथे शाळेची खेळाची खोली बघते. अनेक ठिकाणी मुलांचा भाला असतो, मुलांचा गोळा असतो, आणि मुलींनी 'तोच वापरायचा'. एका व्यायामशाळेत मुली वजन उचलायला शिकत होत्या. दांडा एकच, वीस किलोचा, 28 मिलिमीटर जाडीचा. बायकांच्या वेटलिफ्टिंगचा दांडा पंधरा किलोचा आणि 25 मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटर! पण अंगठ्यावर बोटं अडकवून पकड घ्यायची असते. बोटं पोहोचलीच नाहीत तर दांडा निसटतो आणि मुलीच्या वहीत शेरा पडतो: 'पकड कमकुवत'. खांदा दुखला, मनगट मुरगळलं, की घरचे म्हणतात, बायकांचं काम नाही ते. मुलगी खेळ सोडते. कमी माप होतं साहित्य निवडणाऱ्याचं आणि कमीपणा येतो मुलीच्या अंगाला.

आपल्याकडच्या मुली कबड्डी-खोखोत पुढे का, असा प्रश्न मला बैठकीत एका शिक्षकांनी कौतुकाने विचारला होता. धाराशिवची सारिका काळे खोखोत देशाची कर्णधार झाली, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आपल्याला त्याचा अभिमानच आहे. पण या दोन्ही खेळांत हातात काही धरायचं नसतं! जिथे भाला, दांडा, बॅट, चेंडू विकत घ्यावे लागतात तिथे आपल्या वस्तीतल्या मुली किती दिसतात? फुकट खेळायचे खेळ मुलींचे आणि पैसे लागणारे खेळ मुलांचे, ही वाटणी घरातल्या दुधाच्या पेल्यासारखीच आहे.

आता आपल्याच लोकांशी थोडं भांडते. ही गोष्ट मी एका शिबिरात मांडली तेव्हा चळवळीतल्या एका ज्येष्ठ ताई रागावल्या. त्यांचं म्हणणं, वेगळं हलकं साहित्य मागितलं की आपणच आपल्याला दुबळं ठरवतो. बाई पुरुषाच्या बरोबरीची, मग भालाही बरोबरीचा हवा. ताईंच्या पिढीने 'स्त्री नाजूक असते' या वाक्याशी आयुष्यभर झुंज दिली आहे, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. पण मला तो पटत नाही. पुरुषांचा 7.26 किलोचा गोळा कुठून आला? तो सोळा पौंडांचा आहे. कोणीतरी कधीतरी पुरुषाच्या हातासाठीच ठरवलेलं माप आहे ते. अठरा वर्षांखालचे मुलगे 700 ग्रॅमचा भाला आणि पाच किलोचा गोळा फेकतात, त्यांना कोणी दुबळं म्हणत नाही. 57 किलो गटातला पैलवान 97 किलोच्या पैलवानाशी लढत नाही, म्हणून त्याच्या मर्दानगीला बाध येत नाही. सगळ्यांना आपापलं माप मिळालेलं आहे. पुरुषाच्या मापाला 'माप' म्हणायचं आणि बाईच्या मापाला 'सवलत', हे आपण कशासाठी मान्य करायचं?

बायकांची भालाफेक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली 1932 साली, लॉस एंजेलिसला. ती जिंकली बेब डिड्रिक्सन. हीच बाई पुढे गोल्फमध्ये गेली, पुरुषांच्या स्पर्धांतही उतरली आणि 1950 साली व्यावसायिक बायकांची गोल्फ संघटना स्थापन करणाऱ्या तेराजणींत होती. बायकांच्या मापाचा भाला फेकल्याने तिचं काही कमी झालं नाही.

दुसऱ्या बाजूचा धोका मात्र ताईंच्या बोलण्यात आहे, तो मी नाकारत नाही. 'लेडीज' हा शिक्का माप नव्हे. पाच फूट आठ इंचांची बाई आणि चार फूट आठ इंचांची बाई या दोघी एकाच खोक्यात कशा बसतील? आपल्या विद्यापीठ परिसरातल्या 'साई'च्या केंद्रात तलवारबाजी शिकवतात. त्या खेळात पातं वयाप्रमाणे लहान-मोठं मिळतं, मूठ हाताप्रमाणे निवडतात, डावखुऱ्याची वेगळी असते. मुलींना छातीचं कडक कवच सक्तीचं आहे, पण मोठ्या खेळाडूंचं पातं बायका-पुरुषांना एकच. जिथे शरीर वेगळं तिथे साहित्य वेगळं, जिथे नाही तिथे नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना आधी मोजावं लागलं असेल.

आणि मैदानाबाहेर? त्याच औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आमच्या गटातल्या बायका हातमोजे दाखवतात. बोटांच्या टोकाला इंचभर रिकामी जागा. तो मोकळा भाग यंत्रात अडकेल या भीतीने मोजे काढूनच काम करतात, आणि हात कापला की 'मोजे का घातले नव्हते' म्हणून बोलणी खातात. ताकद, पकड, निष्काळजीपणा, सगळी भाषा तीच.

त्या नऊ स्टिकचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मुली गप्प बसणाऱ्या नव्हत्या. सायकलवाल्या मिस्त्रीकडे जाऊन त्यांनी दोन स्टिक वरून चार-चार इंच कापून आणल्या, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. उंचीला बरोबर झाल्या. पण फटका जमेना. नंतर मला कळलं, की दांडी कापली की ती आणखी ताठ होते आणि पुढचं डोकं हाताला हलकं लागायला लागतं, सगळा तोल जातो. पुरुषाची स्टिक कापून बाईची होत नाही. नववीतली ती मुलगी म्हणाली, "ताई, मोठ्या माणसाचा शर्ट खालून कापल्यासारखं झालं. खांदे तसेच."

त्यानंतर आम्ही तेवीस मुलींची मापं घेतली. उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, पंजाची लांबी, वीत. लिहून घ्यायचं काम मुलींनीच केलं, वही केंद्रात आहे. 500 ग्रॅमचे दोन भाले, 6 नंबरचे तीन बास्केटबॉल, 140 ते 151 ग्रॅमचे सहा चेंडू आणि लहान मुलींसाठी त्याहून हलके सहा, अशी यादी करून कंपनीला पाठवली. गोल्फ कोणीच मागितला नाही. उत्तर आलं, की या वर्षीचं वाटप पूर्ण झालं आहे आणि 'लेडीज किट'चा विचार पुढे करता येईल. आम्ही दुसरं पत्र लिहिलं आहे. त्यात 'लेडीज' हा शब्द कुठेही नाही, तेवीस मुलींच्या मापांचा तक्ता जोडला आहे. हातमोज्यांसाठी कामगार बायकांच्या पंजांची मापं घेणं चालू आहे.

तुमच्या गावातल्या शाळेत, आश्रमशाळेत, वसतिगृहात खेळाच्या साहित्याची नोंदवही असते. ती बघायला मागा. भाल्यावरचा आकडा वाचा, गोळा काट्यावर ठेवा, आणि जे दिसेल ते आमच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या बैठकीत आम्ही ते सगळं एकत्र मांडणार आहोत.