पाणबुडीची वही आणि मस्जिद बंदरची यादी

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आज कोकणातल्या मुस्लिम घरांतली मुलं नोकरी करतात. पणजोबा काय करत, असं विचारलं की पुष्कळांचं उत्तर एकच, 'जहाजावर होते.' पुढचं घरात कुणाला ठाऊक नसतं.

मध्यंतरी आम्ही यू-१८१ या जर्मन पाणबुडीची हकीकत वाचली. ९ मे १९४२ ला ती जर्मन नौदलात दाखल झाली. एकदा तेल भरलं की चाळीस हजार किलोमीटर जाण्याची तिची ताकद. पाण्यावर डिझेल, पाण्याखाली बॅटरी. कप्तान वोल्फगांग ल्यूट याने पहिल्या सफरीत १२ जहाजं बुडवली, दुसरीत १०. मार्च १९४४ मध्ये कुर्ट फ्रायवाल्ट तिला फ्रान्सच्या बोर्दो बंदरातून घेऊन निघाला आणि आपल्या अरबी समुद्रात आला. १५ जुलैला, ऐन पावसाळ्यात, मेलबर्नहून मुंबईला येणारं 'टांडा' मंगळूरजवळ बुडालं. १९ जीव गेले. चार दिवसांनी 'किंग फ्रेडरिक'. एकूण २७ जहाजं. जर्मनी हरल्यावर सिंगापूरला जपानने ती ताब्यात घेतली. फेब्रुवारी १९४६ मध्ये इंग्रजांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीत बुडवली.

म्हणजे पाणबुडीचा जन्म, मृत्यू, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. आणि ब्रिटिश जहाजांवरचे आपले लोक? मुंबईत भरती होणाऱ्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे मुसलमान फार. सारंग, टंडेल आपलेच. इंजिनखोलीत बहुधा पंजाबी, पठाण आगवाले. टॉर्पेडो तिथे लागला तर वर येण्याची संधीच कमी. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदी थोडा.

बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीद म्हटलं आहे. कबर नाही, तरी नाव आहे. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची यादी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी मोबाइलवर फुकट बघता येतात. नावासोबत जहाज, काही ठिकाणी बापाचं नाव आणि गावही सापडतं.

शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. इंग्रज कारकुनाने इब्राहिमचं काय केलं असेल, सांगता येत नाही.