मुलगी 'शहाणी' झाली म्हणण्याआधी

"वयात आल्यापासून पोरगी अगदी शहाणी झाली बघा. कुठं जात नाही, येत नाही, उलटून बोलत नाही." असं कौतुक कोल्हापुरात पेठांमधून आणि आसपासच्या खेड्यांमधून सर्रास ऐकू येतं. आता नैराश्याची लक्षणं याच्या शेजारी ठेवून पाहू. मैत्रिणींत मिसळावंसं न वाटणं, खेळणं-हसणं सुटणं, बोलणं कमी होणं, झोप आणि भूक बिघडणं, अभ्यासात मन न लागणं, कारण नसताना चिडणं, आपण कुणाच्याच उपयोगाच्या नाही असं वाटणं. यातली निम्मी लक्षणं आपण 'चांगल्या वळणाची मुलगी' म्हणून मुद्दाम शिकवतो! म्हणूनच मुलीचं नैराश्य घरात असून कुणाला दिसत नाही.

मुलगेही यातून जातात आणि 'बायकांसारखा रडू नको' ऐकून गप्प बसतात. पण चार दिवस दिसला नाही तर तालमीतला, मंडळातला एखादा दोस्त दारात येऊन हाक मारतो. मुलीला तालीम नाही, कट्टा नाही. शाळा, एस.टी.तला प्रवास आणि दोन-तीन मैत्रिणी, एवढाच तिचा माणसांत जायचा रस्ता. पाळी सुरू झाली की तोही आखडत जातो.

वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण साधारण सारखं असतं. नंतर मुलींमध्ये ते जवळजवळ दुप्पट होतं, असं जगभर आढळलं आहे. याचं सगळं खापर शरीरातल्या बदलांवर फोडणं सोयीचं आहे. पण रस्त्यावरची छेडछाड, रंगावरून टोमणे, घरातली मारहाण, कधी घरच्याच माणसाकडून होणारा अत्याचार आणि 'आता स्थळं बघायला हवीत' ही कुजबूज, हे सारं त्याच वयात सुरू होतं, त्याचं काय?

निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सुमारे सात मुलामुलींना काही ना काही मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चौघं. पण घरातले उपाय ठरलेले. आधी देवऋषी आणि अंगारा, मग 'लग्न झालं की सुधारेल'. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीसजणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. अशा लग्नात उरलेल्या मैत्रिणी आणि शाळाही सुटते. ज्यानं आजार वाढेल तेच आपण औषध म्हणून देतो. आणि 'नात्यात कळलं तर स्थळ येणार नाही' म्हणून दवाखाना टाळला जातो.

वास्तविक हा आजार बरा होतो. बोलून, समुपदेशनानं आणि गरज पडली तर औषधांनी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी 'मैत्री' क्लिनिक आहेत. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालतो. पण घरातला फोन वडिलांच्या खिशात असेल, तर मुलीनं तो फिरवायचा कुठून?

इथं आपलं काम सुरू होतं, मैत्रिणींनो. मंडळाचा फोन मुलींसाठी मोकळा ठेवू या. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त मुलींची, तिथं हळदीकुंकू नको, प्रवचन नको. खेळ आणि गप्पा हव्यात. एखादी दोन आठवडे मलूल, अबोल दिसली तर तिच्या घरी जाऊ या. थकवा असेल तर रक्तही तपासून घेऊ या, कारण पंडुरोगानंही मुली गळून जातात. 'मरावंसं वाटतं का?' हे तिला सरळ विचारू या. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊ या. आईवर दोष न टाकता तिच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहू या. शाळेतून तिचं नाव कमी होणार नाही, यासाठी मुख्याध्यापकांना भेटू या.

आणि शासनाकडे मागू या: प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित समुपदेशक, तोही कागदावर नव्हे, आठवड्यातून ठरल्या दिवशी हजर असणारा.