काचबिंदू एका दिवसाच्या शिबिरात मावत नाही



गणेशोत्सव असो वा निवडणूक, लालबाग-परळच्या नाक्यांवर 'मोफत नेत्रतपासणी, मोफत चष्मे, मोतीबिंदू शस्त्रक्रिया' असे फलक झळकतात. काम चांगलेच आहे. पण डोळ्यांबाबतचा आपला सगळा विचार मोतीबिंदूपाशीच अडकला आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, भिंग बसले, दिसू लागले की विषय मिटतो. काचबिंदू मात्र कधीच मिटत नाही. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. सहसा दुखत-खुपत नाही. आधी कडेचे दिसणे जाते, समोरचे बराच काळ शाबूत राहते. म्हणून माणूस पेपर वाचतो, पण गॅलरीतल्या बादलीला अडखळतो. गेलेली नजर कशानेही परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. चेन्नई परिसरातल्या मोठ्या पाहणीत काचबिंदू सापडलेल्यांपैकी दहात नऊंहून अधिक जणांना तो आहे हे ठाऊकच नव्हते.

अक्षरांचा तक्ता वाचून घेणाऱ्या शिबिरातून असा रुग्ण सहज निसटतो. नुसता दाब मोजूनही भागत नाही, कारण दाब 21 च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत असलेल्यांनाही हा आजार होतो. डॉक्टरांनी आतली नस पाहायलाच हवी. गणेश मंडळांनी तशी सोय करावी आणि संशयितांची यादी ठेवून केईएम, नायर किंवा जे. जे.मध्ये त्यांचा केसपेपर निघेपर्यंत पाठपुरावा करावा. लाखोंची दर्शनरांग सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना पन्नास नावांची यादी जड जाऊ नये.

घरातही असाच पाठपुरावा हवा. माझ्या गिरणी कामगार सासऱ्यांनी काचबिंदूचे थेंब घालणे सोडले, कारण "घालून काही फरक पडत नाही." त्यांचा अनुभव खोटा नव्हता. हे थेंब दृष्टी उजळवत नाहीत, फक्त पुढचे नुकसान रोखतात, आणि हे त्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते. वर हात थरथरतो, अर्धे औषध गालावर ओघळते. घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावे: थेंब टाकून डोळा मिटायला सांगावा, नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे बोटाने हलका दाबावा, दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. टिमोलॉलसारख्या थेंबांनी श्वास अडू शकतो. डोळा लाल झाला म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर दाब वाढवू शकतात.

"बघून चालता येत नाही का?" हे वाक्य काचबिंदूचा रुग्ण असलेल्या घरांतून हद्दपार व्हायला हवे. खरेच येत नाही! जुन्या चाळीत पायऱ्या पायांना पाठ असतात, त्यामुळे कितीतरी वर्षे उणीव झाकली जाते. मग पुनर्विकास होतो, बिऱ्हाड संक्रमण शिबिरात किंवा टॉवरमध्ये जाते आणि म्हातारा माणूस एकाएकी धडपडू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. वयाच्या नावावर खपवण्याआधी डोळे तपासून घ्या. आणि पडतील म्हणून त्यांना खोलीत बसवून ठेवणे ही काळजी नव्हे. जिन्यात चांगला दिवा लावा, पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारा, वाटेतल्या चपला-बादल्या हलवा. ते पूर्वीसारखे नाक्यावर जाऊन येतील.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, भावंडांना आणि मुलांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या मुलांना विनंती: आई-वडिलांना पुढच्या तपासणीला न्याल, त्याच दिवशी स्वतःचाही केसपेपर काढा.

— एक वाचक, लालबाग