नव्या तोतयांचे बंड

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण ते परत येतील ही आशा महाराष्ट्राने पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. त्या आशेचाच लाभ एका तोतयाने उठविला. भाऊसाहेबांचे नाव घेऊन तो उभा राहिला, बंदिवासातून सुटल्यावर त्याने कोकणात फौज जमविली आणि शहाणीसुरती माणसेही त्याच्या मागे गेली. अखेर १७७६ मध्ये तो पकडला गेला आणि पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले.

त्या तोतयाला भाऊसाहेबांसारखे दिसावे तरी लागत होते. आजच्या तोतयाला तेवढेही कष्ट नाहीत. आधार कार्डाची झेरॉक्स, पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाईलवर आलेला ओटीपी हाती लागला की तो तुमच्या नावाने सिमकार्ड घेतो, कर्ज उचलतो, खाते उघडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण चोर सापडला तर शिक्षा!

या विषयाची चर्चा आपल्याकडे ‘माझे पैसे गेले’ एवढ्यावरच थांबते. हा विचार अपुरा आहे. चोरलेले नाव हे पुढच्या गुन्ह्याचे हत्यार असते. ‘डिजिटल अरेस्ट’चेच पाहा. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये ते स्पष्ट सांगितले. तरीही निवृत्त शिक्षक, डॉक्टर, अधिकारी त्यात आयुष्याची पुंजी घालवून बसतात. तो दूरध्वनी ज्या सिमवरून येतो, ते एखाद्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नावावर असू शकते. पैसे ज्या खात्यात जातात, ते चार पैशांच्या लोभाने पासबुक दुसऱ्याच्या हाती दिलेल्या विद्यार्थ्याचे असू शकते. पोलीस प्रथम त्यांच्याच दारात येतात. सूत्रधार मात्र पुष्कळदा देशाबाहेर असतो. म्यानमारमधील अशा केंद्रांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. आपले नाव जपणे हे म्हणूनच समाजाप्रति आणि राष्ट्राप्रतिही कर्तव्य ठरते.

काहीजण सारा दोष ‘आधार’च्या माथी मारतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावातून आधार क्रमांकाच्या वाटपास प्रारंभ झाला. पुढे त्याच्याच आधाराने अनुदानाची रक्कम थेट गरिबाच्या खात्यात पोहोचू लागली. हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र लॉजपासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत जो तो आधारची प्रत मागतो आणि आपणही ती निमूटपणे देतो. या प्रती पुढे कोणत्या रद्दीत जातात, हे कोण विचारतो?

शासनालाही येथे चार शब्द सुनावले पाहिजेत. नोंदणीकृत दस्तऐवजांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांच्या साहाय्याने बँक खाती रिकामी केल्याची प्रकरणे काही राज्यांत उघडकीस आली. तेथे सामान्य नागरिकाचा कोणता अपराध होता? वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम येण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि आता तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. गरजेपेक्षा अधिक माहिती मागणाऱ्या संस्थांना त्याचा धाक बसला, तरच तो सार्थकी लागेल.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. जेथे चालेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. झेरॉक्सवर आडवी सही करून कारण आणि तारीख लिहावी. बोटांचे ठसे ‘लॉक’ करून ठेवण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिली आहे, ती वापरावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे केंद्राच्या ‘संचार साथी’वर दिसते. आपल्या नावाचे कर्ज शोधण्यासाठी पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी १९३० क्रमांकावर कळवावे. लवकर कळविल्यास वाटेतील रक्कम रोखता येण्याची शक्यता असते.

यातील सर्वांत मोठा अडसर तांत्रिक नाहीच. तो आहे लाजेचा. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा अमेरिकेत, घरी आई-वडील दोघेच. फसल्यावर ‘मुलगा काय म्हणेल’ या भीतीने ते गप्प बसतात आणि तोतयाला हवा असलेला वेळ नेमका तेवढ्यातच मिळतो. ज्या घरात ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे?’ असे विचारले जाते, त्या घरात पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही. आठवड्यातून एकदा सारे कुटुंब एकत्र बसावे, असा आग्रह आपण धरतो. त्यातील एखादी संध्याकाळ या विषयाला द्यावी. आजोबांचा फोन नातवाने पाहावा. नातवाला चार अनुभवाचे बोल आजोबांनी सांगावेत.

कार्यकर्त्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. आपल्या घरापुरते सावध होणे सोपे. पण सेवावस्तीतील ज्या माउलीला इंग्रजी संदेश वाचता येत नाही, तिच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे तिला कोण सांगणार? संपर्काला जाताना एवढी विचारपूस केली, तरी अनेक घरे वाचतील. जुन्या तोतयाचे बंड मोडायला फौज लागली होती; नव्या तोतयांचे बंड मोडायला जागा असलेला शेजार पुरेसा आहे.