बोलणीला बसाल तेव्हा

पेण-रोह्याच्या पट्ट्यात एखादं लग्न वर्षा-दोन वर्षांत मोडलं की खापर ठरलेल्या ठिकाणी फुटतं. मुलगी जास्त शिकली, मुलीच्या हातात मोबाईल आला, मुलीची आई रोज फोन करते. मला हे पटत नाही, आणि असं बोलून एकही घर सावरलेलं मी पाहिलेलं नाही. आपली कामं बदलली, कमाई बदलली, राहण्याची जागा बदलली. लग्नाची बोलणी मात्र अजून मानपान, हळदीचं जेवण आणि सोनं यांच्यापुढं जात नाहीत.

आपल्या आजी-पणजीच्या काळी घर भातशेतीवर, मिठागरावर, खाडीवर चालायचं. लावणीला आणि कापणीला बाईचे हात लागायचेच. महाराष्ट्रातल्या कित्येक कष्टकरी जातींत तेव्हा मुलीच्या बापाला देज दिलं जायचं, कारण त्याच्या घरातले कामाचे हात जात होते. न पटलं तर पंच बसायचे, काडीमोड व्हायची, बाई पाट लावून दुसरा संसार मांडायची. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं चालत आलेली अशी सोडचिठ्ठी मोडीत काढली नाही. तेव्हा ‘आपल्यात असं कधी नव्हतं’ हे म्हणणं सोडून द्या. आपल्यात होतं.

मग नागोठण्याला पेट्रोकेमिकल कारखाना आला, रोह्याला धाटावची एमआयडीसी, डोलवीला पोलाद. दिवा-पेण-रोहा गाडीनं पनवेल, नवी मुंबई जवळ आली. शेतीत सगळं घर मिळून राबायचं. पगार मात्र एकाच्या नावावर, एकाच्या खात्यात जमा होतो. ज्याचा पगार त्याचा शब्द, हे हळूहळू घरात शिरलं आणि शेत सुटलेल्या बाईच्या कामाची किंमत गेली. आता तिच्या लेकी शिकून स्वतः पगार आणतात. सकाळची गाडी पकडणाऱ्या सुनेनं निघण्याआधी सगळ्यांचं जेवण करून ठेवावं आणि रात्री आल्यावर पुन्हा चुलीपाशी उभं राहावं, अशी अपेक्षा असेल तर ती पहिल्याच वर्षी दमते. त्या दमण्याला आपण ‘तिचं वागणं’ म्हणतो.

गणपतीचे कारखाने बघा. हमरापूर-जोह्याकडं किती घरांत सून माती मळते, रंग देते, मोसमात रात्री जागून काम उरकते. माल जातो, पैसे येतात, हिशोब सासऱ्याच्या वहीत. ती माहेरी जाताना गाडीभाडं मागते तेव्हा उत्तर मिळतं, ‘घरातच तर आहे सगळं, तुला वेगळं कशाला?’ बाहेरची बाई त्याच कामाला आली असती तर तिला मजुरी मोजून दिली असती. पुढं जो तंटा पेटतो त्याला लोक सासू-सुनेचं भांडण म्हणतात. मुळात तो मजुरीचा तंटा आहे. तिचे पैसे दर मोसमाला तिच्या खात्यात टाका, निम्मी कटकट तिथंच मिटते.

कातकरी वाड्यांवरची गोष्ट वेगळी. दिवाळीनंतर कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. वयात आलेली पोर मागं एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लवकर उरकलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. तिथं उपदेशाचा उपयोग नाही, मुलींचं वसतिगृह आणि गावाजवळ काम लागतं.

आता जमिनीचं बोलते, कारण याच्याकडं कुणी लग्नाचा प्रश्न म्हणून बघत नाही. 2008 साली महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का यावर पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारनं जमीनधारकांचं मत घेतलं. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर, त्यांना विचारलं. त्यात लेकी-सुना किती असतील, आपापल्या घरचा सातबारा काढून बघा. महाराष्ट्रानं 1994 मध्ये, देशानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. तरी जमिनीला भाव आला की पहिल्यांदा बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. साडी-चोळी करून पाठवलेली तीच बहीण चार वर्षांनी मार खाऊन दारात आली की भावजयीच्या घरची पाहुणी होते. मग तिला समजावून परत धाडतात. संसार टिकला असं आपण म्हणतो, पण तिला परतायला जागाच ठेवलेली नसते.

आणि जी परत जात नाही, तिचं काय? 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसं 13.6 लाख होती आणि नुसती वेगळी राहणारी 35 लाखांच्या वर. म्हणजे कागद झालेल्यांपेक्षा लोंबकळत राहिलेली अडीचपट. टाकलेल्या बायकांचं हे दुखणं 1988 मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद घेऊन चव्हाट्यावर मांडलं होतं. आजही आईबाप अब्रूपायी मुलीला वर्षानुवर्षं माहेरी बसवून ठेवतात. ना नांदवणूक, ना पोटगी, ना सुटका. दोघांना नको असेल तर 1976 पासून परस्पर संमतीनं घटस्फोट मिळतो. वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, आणि पुढची सहा महिन्यांची मुदतही न्यायालय माफ करू शकतं, हे 2017 मध्ये ठरलं. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडं जाऊन विचारा. मारहाण होत असेल तर मात्र समेटाच्या बैठका घालत बसू नका. आधी तिला तिथून बाहेर काढा.

पण मोडायची वेळ येण्याआधीच बरंच करता येतं. सुपारी फुटण्याआधी मुलगा-मुलीला समोर बसवून विचारा: राहणार कुठं, पेणला की कामोठ्याला? खोलीचा हप्ता कोण भरणार, आणि खोली कुणाच्या नावावर? ती नोकरी करणार असेल तर रात्रीची भाकरी कोण भाजणार? मूल झाल्यावर सांभाळायला कुणाची आई येणार? मुलाची आई म्हातारपणी कुणाकडं, आणि मुलीची आई? तिच्या अंगावर घातलेल्या सोन्याची पावती तिच्याकडंच राहील ना? लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच करून घ्या. डीजे, बॅनर आणि हळदीच्या पंगतीवर कर्ज काढून जे पैसे घालवता त्यातला काही भाग दोघांच्या नावावर ठेवा. कर्जाचा पहिला हप्ता थकला की पहिला टोमणा सुनेलाच बसतो.

हे विचारल्यानं एखादी सोयरीक मोडेल. मोडू द्या. बोलणीत मोडलेली सोयरीक पोटात मूल असताना मोडलेल्या संसारापेक्षा कितीतरी बरी. आणि कुणी हक्कसोडीचा कागद पुढं केला, तर लेकीला सही करू देऊ नका.