जमिनीचा मोबदला मिळाला, हाताच्या कामाचे काय?



ऊसविकास विभागाच्या पानावर बेणे, खत आणि पाणी याखेरीज दुसरे काही वाचायची आपल्याला सवय नाही. या वेळी थोडे आडवाटेला जातो आहोत, पण परत आपल्याच बांधावर येऊ.

मध्यंतरी कामानिमित्त आम्ही नवी मुंबईत गेलो होतो. उलव्याकडे एका ओळखीच्या आगरी शेतकऱ्याच्या घरी जाणे झाले. पूर्वी भातशेती, मिठागर आणि खाडीतली मासळी यांवर घर चालायचे. जमीन विमानतळात गेली. घरचा तिशीतला मुलगा म्हणाला, "काका, भराव चालू होता तोवर डंपरला रात्रंदिवस काम होतं. भराव संपला, डंपर दारात उभा राहिला. हप्ता काही उभा राहिला नाही." त्याच्या धाकट्या भावाने मोबाइल दुरुस्तीचा वर्ग केलेला. प्रमाणपत्र भिंतीवर आहे. दुकान नाही, कारण कर्जाला तारण नाही.

या भागाचा इतिहास आपणांस थोडाफार ठाऊक असेल. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली, तेथे साडेबावीस टक्के ठरले. हा हक्क रक्त सांडून मिळवलेला आहे. त्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

पण भूखंड म्हणजे धंदा नव्हे. भरतीचे पाणी कुठे अडवायचे, मीठ कधी ओढायचे, ही बापाची विद्या एका नोटिशीने निरुपयोगी झाली. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून विमाने उडू लागली. वीज, वातानुकूलन, यंत्रदुरुस्ती अशी कामे तेथे आहेत, पण ती शिकायला वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून शिक्षण पहिल्या नोटिशीबरोबर सुरू व्हायला हवे. धावपट्टी तयार झाल्यावर नव्हे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्रशिक्षण देऊन नोकरी, एकरकमी पाच लाख किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार, असे पर्याय आहेत. गाव उठण्याच्या धांदलीत रोख रक्कमच जवळची वाटते, यात नवल नाही.

आमचे मत असे की, प्रशिक्षण हे बेणे आहे. बेणे कितीही चांगले असो, लागणीनंतर आंबवणीचे पाणी चुकले तर डोळा वाळतो. शिकलेल्या पोराला पहिले काम आणि खात्रीचे गिऱ्हाईक मिळणे, हे ते आंबवणीचे पाणी. सरकारी योजना कर्ज देतील, अनुदान देतील. गिऱ्हाईक कोण देणार?

आता आपल्या बांधावर येऊ. आपल्या पाटाला पाणी आले ते कुणाची तरी गावे बुडाली म्हणून. त्या धरणग्रस्तांच्या वसाहती आपल्या कार्यक्षेत्रात आहेत आणि तेथली पोरेही रिकामी बसलेली आम्ही रोज पाहतो. त्यांना एक डोळा पद्धतीची ऊस रोपवाटिका शिकवायला आमचा विभाग तयार आहे. पाच बाय दोन फुटांवर एकरी सुमारे 4,350 रोपे लागतात. सभासदाने रोपे उचलावीत, कारखान्याने पैसे थेट रोपवाटिकेला द्यावेत आणि ऊसबिलातून कपात करावी. उधारी बुडायची भीती नाही. तसेच कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवार घेताना या वसाहतींतल्या मुलांसाठी काही जागा ठेवाव्यात.

कोणी म्हणेल, "आमच्याच पोरांना काम नाही, तिथं दुसऱ्यांचं काय घेऊन बसलाय?" प्रश्न खोटा नाही. आपलीही पोरे वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहतात. पण हरले तर परत यायला त्यांच्या मागे दोन एकर का होईना, रान आहे. धरणग्रस्ताचे रान पाण्याखाली आहे.

येत्या वार्षिक सभेत हा विषय निघावा आणि सभासदांनी त्यावर मोकळेपणी बोलावे, एवढीच विनंती.

— ऊसविकास अधिकारी