आकडे चालताना दिसले पाहिजेत

कागदावर १ ते ६ हे आकडे असे मांडा:

१ २ ३
४ ५ ६

संगणकाच्या परिभाषेत अशा मांडणीला ‘ॲरे’ म्हणतात. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ सालच्या पुस्तकातून ‘एपीएल’ ही भाषा जन्मली. एकेका आकड्याला वेगळी आज्ञा न देता सबंध ॲरेला एकदम आज्ञा द्यायची, हे तिचे वैशिष्ट्य. आज पायथॉन भाषेतील ‘नमपाय’ हेच करते. आज्ञा लहानशी; पण तिने काय केले ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

समजा, वरच्या ॲरेच्या तीन ओळी करायच्या आहेत. एका आज्ञेने १ २, ३ ४, ५ ६ अशा ओळी मिळतात. दुसरीने १ ४, २ ५, ३ ६ अशा मिळतात. दोन्ही उत्तरांचा आकार एकच! पुस्तकात आधीचे कोष्टक छापतात, मग नंतरचे. मधला प्रवास विद्यार्थ्याने कल्पनेनेच करायचा. मग घोटाळा होणारच.

हा प्रवास ॲनिमेशनने, म्हणजे हलत्या चित्रांनी, दाखवावा असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या आज्ञेत सहा आकडे एका माळेत सरळ होतात आणि माळेची नवी घडी पडते. दुसरीत सगळी मांडणी १ आणि ५ यांमधून जाणाऱ्या तिरप्या रेषेभोवती उलटते. ते दोघे मात्र जागचे हलत नाहीत. बेरजेचेही तसेच. खालची ओळ वर सरकून वरच्या ओळीत मिसळली, की ५ ७ ९ उरतात. बेरीज आडवी की उभी, हा नेहमीचा गोंधळ एवढ्याने मिटतो.

ही कल्पना नवी नाही. टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ मध्ये आकडे क्रमाने लावण्याच्या नऊ पद्धतींवर सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला होता. त्यात शेवटी या पद्धतींची चक्क शर्यत लावली आहे!

परंतु शिक्षकांना एक विनंती. चित्र मध्येच थांबवा आणि ‘आता ४ कुठे जाईल?’ असे विचारा. वहीत उत्तर पडल्यावरच पुढे चला. न थांबणारे चित्र म्हणजे नुसता जादूचा खेळ. मुले टाळ्या वाजवतील, शिकणार नाहीत. संगणक नसेल तर आकडे लिहिलेले सहा चिंचोके पुरतात.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. चित्रात आकडे फिरतात, यंत्रात बहुधा फिरत नाहीत. स्मृतीमध्ये १ ते ६ एका रांगेतच असतात. उजवीकडे जायचे तर १ पाऊल, खाली जायचे तर ३ पावले, एवढी नोंद नमपाय ठेवते. मांडणी उलटायची म्हणजे ही दोन मापे अदलाबदल करायची, बस्स! चित्र आज्ञेचा अर्थ सांगते, यंत्राची मेहनत नव्हे.

आता उलटलेल्या ॲरेची पुन्हा दोन ओळींत घडी घाला: १ ४ २ आणि ५ ३ ६. येथे मात्र नमपायला आकड्यांची खरोखरच नवी प्रत करावी लागते. मूळ रांगेत १ वरून ४ वर, तेथून २ वर जायला किती पावले पडतात ते चिंचोक्यांवर मोजून पहा, म्हणजे कारण कळेल.